साखरेचा भाव आणि पेढीचा पैसा

अमेरिकेच्या पूर्व किनाऱ्यावर नॉर्थ कॅरोलिना राज्यात न्यूस आणि ट्रेंट या दोन नद्यांच्या संगमापाशी न्यू बर्न नावाचे एक जुने, लहानसे शहर आहे. तेथील मिडल स्ट्रीट आणि पोलक स्ट्रीट या दोन रस्त्यांच्या कोपऱ्यावर १८९० च्या दशकात केलेब ब्रॅडहॅम नावाच्या तरुणाचे औषधांचे दुकान होते. आज जगभर विकले जाणारे पेप्सी-कोला हे पेय त्या दुकानात जन्माला आले.

या पेयाच्या जाहिरातींविषयी आणि कोका-कोलाशी चाललेल्या त्याच्या चुरशीविषयी पुष्कळ लिहिले गेले आहे. परंतु व्यापारी कुटुंबांनी सावकाश वाचावा असा भाग या कंपनीच्या पहिल्या ५० वर्षांत आहे. त्या अवधीत तिचे दोनदा दिवाळे निघाले. तिसऱ्यांदा ती उभी राहिली, नफ्यात आली, आणि मग ही कंपनी नेमकी कोणाच्या मालकीची, हा निवाडा न्यायालयाला करावा लागला. पहिल्या संकटाच्या मुळाशी मालाचा साठा होता, शेवटच्या वादाच्या मुळाशी दुसऱ्याचा पैसा होता. साठा आणि पैसा या दोन्ही गोष्टी आपल्या पेढ्यांना रोजच्या परिचयाच्या आहेत.

केलेब ब्रॅडहॅम यांचा जन्म १८६७ चा. डॉक्टर होण्याची त्यांची इच्छा होती आणि मेरीलँड येथे त्यांचे वैद्यकीय शिक्षण सुरूही झाले होते. मध्येच वडिलांचा धंदा बुडाला आणि शिक्षण सोडून त्यांना परतावे लागले. काही काळ शाळेत शिकवून त्यांनी न्यू बर्नमध्ये औषधांचे दुकान थाटले. त्या काळच्या अमेरिकेत औषधांच्या दुकानाला जोडूनच सोडा फाउंटन असे. गिऱ्हाइकाने ओट्यापाशी यावे, दुकानदाराने पेल्यात गोड सिरप घालून वर सोडावॉटर सोडावे, असा तो प्रकार. प्रत्येक दुकानदार आपापले मिश्रण तयार करी. अटलांटा येथे १८८६ मध्ये जॉन पेंबर्टन या औषधविक्रेत्याने तयार केलेले कोका-कोलाही अशाच ओट्यावरून पुढे गेले होते.

ब्रॅडहॅम यांनी १८९३ च्या सुमारास तयार केलेल्या पेयाला गिऱ्हाइके ‘ब्रॅड्स ड्रिंक’, म्हणजे ब्रॅडचे पेय, असे म्हणू लागली. २८ ऑगस्ट १८९८ रोजी त्यांनी त्याचे नाव बदलून पेप्सी-कोला असे ठेवले. अपचनाला इंग्रजीत डिस्पेप्सिया म्हणतात, त्यातून ‘पेप्सी’ आले, आणि कोला नावाच्या आफ्रिकी झाडाच्या बीवरून ‘कोला’. हे पेय पचनाला मदत करते, असा त्यांचा दावा होता.

पुढील वाढ पद्धतशीर होती. १९०२ च्या डिसेंबरात कंपनीची नोंदणी झाली आणि १९०३ मध्ये व्यापारचिन्ह मिळाले. त्या वर्षी ७,९६८ गॅलन सिरप विकले गेले. पुढच्याच वर्षी हा आकडा १९,८४८ गॅलनांवर, म्हणजे जवळजवळ अडीचपटीवर गेला. १९०५ पासून ब्रॅडहॅम यांनी शार्लट आणि डरहॅम या शहरांतील व्यावसायिकांना पेय बाटलीबंद करून विकण्याचे हक्क दिले. कंपनीने सिरप पुरवायचे. पाणी, बाटली, गाडी आणि गिऱ्हाईक हे स्थानिक माणसाने सांभाळायचे. आज आपल्याकडे एजन्सी किंवा फ्रँचाइझी म्हणतात, त्याच जातीची ही रचना होती. स्वतःचे थोडे भांडवल गुंतवून दूरवर पोहोचण्याचा हा मार्ग त्यांना मानवला. १९१० पर्यंत अमेरिकेच्या २४ राज्यांत पेप्सी-कोला बाटलीबंद होऊ लागले होते आणि त्या वर्षी न्यू बर्नमध्ये बाटलीबंद करणाऱ्या सर्व व्यावसायिकांचा मेळावाही भरला.

एक गोष्ट येथे आवर्जून सांगावीशी वाटते. १९०६ मध्ये अमेरिकेत खाद्यपदार्थ आणि औषधे यांच्या शुद्धतेविषयीचा कायदा झाला आणि अनेक पेयवाल्यांना आपल्या कृती बदलाव्या लागल्या. ब्रॅडहॅम यांनी मात्र शुद्धतेचे नाव पुढे करूनच आपल्या पेयाची जाहिरात केली. हा माणूस फसवणुकीचा धंदा करणारा नव्हता, उतावळाही नव्हता. त्यांनी दहा-पंधरा वर्षे टप्प्याटप्प्याने धंदा वाढवला. म्हणूनच पुढे जे घडले, ते एका बेफिकीर माणसाची गोष्ट म्हणून बाजूला सारता येत नाही.

हा धंदा वरून पेयाचा दिसतो. आतून तो साखरेचा आहे. कोला पेयाच्या एका गॅलन सिरपमध्ये ढोबळमानाने पाच पौंड साखर लागते. साखर पौंडाला पाच सेंट असेल, तर गॅलनमागे साखरेचा खर्च २५ सेंट. हीच साखर २० सेंटांवर गेली, तर तोच खर्च एक डॉलर होतो. त्या काळी कोका-कोला बाटलीबंद करणाऱ्यांना सिरप गॅलनला साधारण एका डॉलरच्या आसपास देई. म्हणजे अशा भावाने घेतलेली साखर एकटीच सिरपची सगळी किंमत गिळून टाकणारी होती. आणि गिऱ्हाइकाच्या हाती जाणाऱ्या बाटलीचा भाव तर सगळ्या अमेरिकेत पाच सेंटांवर जणू खिळा मारून बसवलेला होता. कच्चा माल महाग झाला म्हणून पाचाचे सहा करण्याची हिंमत कोणालाही होत नव्हती.

पहिल्या महायुद्धात अमेरिकी सरकारने साखरेवर नियंत्रण आणले. कारखानदारांना साखर मोजून मिळू लागली आणि पेयाचे उत्पादन मंदावले. युद्ध संपले, नियंत्रण उठले आणि दबून राहिलेली मागणी एकदम उसळली. अमेरिकेला मोठ्या प्रमाणावर साखर पुरवणाऱ्या क्यूबामध्ये कच्च्या साखरेचा भाव मे १९२० मध्ये पौंडाला २२ सेंटांच्या वर गेला. क्यूबाच्या इतिहासात या दिवसांना ‘लक्षावधींचे नृत्य’ म्हणतात. उसाच्या जमिनी, गिरण्या, बँका सगळे तेजीवर तरंगत होते.

ब्रॅडहॅम यांच्यापुढचा प्रश्न आपण नीट समजून घेतला पाहिजे. साखर घेतली नाही, तर भाव आणखी चढण्याची भीती. शिवाय साखर मुळीच न मिळण्याचीही भीती. युद्धकाळात तुटवड्याने कारखाना कसा अडतो, हे त्यांनी नुकतेच पाहिले होते. दूरवरच्या राज्यांतील बाटलीवाले सिरपची वाट पाहत होते. त्यांना माल दिला नाही, तर ते दुसऱ्या पेयाकडे वळणार. अशा वेळी चढ्या भावात मोठा साठा करून ठेवावा, हा विचार मूर्खपणाचा म्हणता येणार नाही. गोदाम भरलेले असले की व्यापाऱ्याला झोप लागते.

त्यांनी मोठा साठा केला. त्याच वर्षीच्या डिसेंबरपर्यंत साखरेचा भाव चार सेंटांच्या खाली आला. समजा, एखाद्याने दहा हजार पौंड साखर २२ सेंटांनी घेतली असेल, तर त्याच्या वहीत २,२०० डॉलर खर्ची पडले. सात महिन्यांनी त्याच ढिगाची किंमत ४०० डॉलरही उरली नाही. त्याच सुमारास अमेरिकेत व्यापारात मंदी आली आणि खपही घटला. कर्ज मात्र चढ्या भावाचे होते. दोन-अडीच वर्षे धडपड करून अखेर १९२३ मध्ये कंपनीचे दिवाळे निघाले. ज्या मुलाचे शिक्षण वडिलांच्या बुडालेल्या धंद्यामुळे सुटले होते, त्याचा स्वतःचा धंदाही बुडाला. ब्रॅडहॅम औषधांच्या दुकानाकडे परत गेले.

कोका-कोलालाही त्याच साखरेचा चटका बसला होता. तिच्याकडेही महाग साखरेचे सौदे अडकले होते आणि सिरपच्या भावावरून बाटलीवाल्यांशी तिचे खटले चालू होते. परंतु ती आकाराने मोठी होती, आणि १९२१ मध्ये तिने बाटलीवाल्यांशी अशी तडजोड केली की साखरेचा भाव ठरावीक मर्यादेच्या वर गेला, तर सिरपचा भावही त्या प्रमाणात वाढेल. चढ-उताराचा बोजा दोघांनी वाटून घेतला. व्यापाऱ्याला भविष्य दिसत नसते, ते दिसावे अशी अपेक्षाही नाही. परंतु भाव उलटला तर तोटा कोणाकोणाच्या खांद्यावर जाईल, हे आधी ठरवून ठेवणे त्याच्या हाती असते.

धंद्याला लागणारा साठा आणि तेजीवर लावलेला पैसा हे गोदामात एकसारखेच दिसतात. पोते तेच, कुलूप तेच. फरक वहीतच कळतो. दोन महिन्यांच्या विक्रीपुरता माल असेल तर तो व्यापार. वर्षभराचा माल कर्ज काढून, भाव वाढणारच या भरवशावर घेतला असेल तर तो सट्टा, मग घेणाऱ्याने त्याला कोणतेही नाव देवो. धान्य, सुपारी, कापूस, सोने-चांदी यांच्या व्यापारात पिढ्या घालवलेल्या कुटुंबांना हे नव्याने सांगावे लागत नाही. तरीही प्रत्येक मोठ्या तेजीत कोणी ना कोणी ही सीमा ओलांडतो. बहुतेकदा तो लोभापायी ओलांडत नाही. माल मिळणार नाही या भयापायी ओलांडतो. ब्रॅडहॅम यांचे तसेच झाले असावे.

आता कंपनीच्या दुसऱ्या अध्यायाकडे वळू. दिवाळ्यानंतर रॉय मेगारगेल नावाच्या न्यूयॉर्कच्या शेअर दलालाने पेप्सी-कोलाचे व्यापारचिन्ह घेतले आणि व्हर्जिनिया राज्यातील रिचमंड येथून धंदा चालवण्याचा प्रयत्न केला. भांडवल अपुरे होते. १९२९ नंतरच्या महामंदीत तेही टिकले नाहीत आणि १९३१ मध्ये पेप्सीचे दुसऱ्यांदा दिवाळे निघाले.

त्या वेळी न्यूयॉर्क आणि आसपासच्या शहरांत ‘लॉफ्ट’ नावाच्या कंपनीची शंभरावर दुकाने होती. ती मिठाई बनवी, विकी आणि दुकानांत सोडा फाउंटनही चालवी. तिचे अध्यक्ष होते चार्ल्स गुथ. लॉफ्ट वर्षाला ३० हजार गॅलनांहून अधिक कोका-कोला सिरप घेत असे. एवढ्या मोठ्या खरेदीवर भावात सूट मिळावी, अशी मागणी गुथ यांनी केली आणि कोका-कोलाने ती नाकारली. तेव्हा गुथ यांची नजर दिवाळ्यात निघालेल्या पेप्सीकडे गेली. सुमारे दहा हजार डॉलरांत नाव आणि कृती हाती आली आणि ऑगस्ट १९३१ मध्ये नवी पेप्सी-कोला कंपनी स्थापन झाली. तिच्या भागभांडवलाचा मोठा हिस्सा गुथ आणि त्यांच्या कुटुंबाची कंपनी यांच्याकडे राहिला. लॉफ्टच्या नावावर मात्र एकही शेअर नव्हता.

पण काम कोणी केले? लॉफ्टच्या रसायनतज्ज्ञाने सिरपची कृती सुधारली. लॉफ्टच्या कारखान्यात, लॉफ्टच्या नोकरांच्या हातून सिरप बनू लागले. लॉफ्टच्या तिजोरीतून आणि लॉफ्टच्या पतीवर पैसा उभा राहिला. आणि सुरुवातीचे हुकमी गिऱ्हाईकही लॉफ्टच होते. तिच्या दुकानांतून कोका-कोला काढून तेथे पेप्सी ठेवले गेले. नवे पेय लोकांच्या अंगवळणी पडेपर्यंत दुकानांच्या विक्रीला जी झळ बसली, ती लॉफ्टने सोसली.

पेप्सीला खरा हात दिला तो एका साध्या हिशेबाने. कोका-कोलाची बाटली साडेसहा औंसांची होती, किंमत पाच सेंट. पेप्सीने जुन्या, वापरलेल्या बिअरच्या बाटल्या स्वस्तात घेऊन १२ औंस पेय भरले. प्रथम दहा सेंट किंमत ठेवली, तेव्हा खप बेताचाच राहिला. मग १९३४ च्या सुमारास तीच १२ औंसांची बाटली पाच सेंटांना विकायला काढली. मंदीने गांजलेल्या लोकांना त्याच पैशात जवळजवळ दुप्पट पेय मिळू लागले. बाटली, बूच, मजुरी आणि गाडीभाडे हे खर्च लहान बाटलीलाही जवळपास तेवढेच येतात. आत वाढते ते पाणी आणि गोडवा. आणि साखर आता स्वस्त झाली होती. ज्या साखरेने ब्रॅडहॅम यांना बुडवले, तिच्याच पडलेल्या भावाने पेप्सीला वर काढले. ते पाहायला ब्रॅडहॅम राहिले नाहीत. फेब्रुवारी १९३४ मध्ये न्यू बर्न येथे त्यांचे निधन झाले.

पेप्सी चालू लागली तशी लॉफ्ट खिळखिळी होत गेली. कामगारांच्या वेतनकपातीवरून असंतोष भडकला आणि १९३५ मध्ये गुथ यांनी लॉफ्टचे अध्यक्षपद सोडले. पेप्सीचे शेअर मात्र ते आपल्याबरोबर घेऊन गेले. लॉफ्टच्या नव्या व्यवस्थापनाने वह्या उघडल्या, तेव्हा पैसा कोठून कोठे गेला ते दिसले. लॉफ्टने डेलावेअर राज्याच्या न्यायालयात दावा लावला.

गुथ यांचे म्हणणे असे की, ही संधी मला व्यक्ती म्हणून मिळाली, लॉफ्टला नव्हे. पेप्सी वर आली ती माझ्या कल्पकतेने. लॉफ्टचे जे घेतले त्याचा हिशेब आहे. या युक्तिवादात काहीच तथ्य नव्हते असे म्हणता येणार नाही. बुडालेल्या नावात दडलेले मोल ओळखणारी नजर त्यांचीच होती. परंतु १९३८ मध्ये खालच्या न्यायालयाने आणि एप्रिल १९३९ मध्ये डेलावेअरच्या सर्वोच्च न्यायालयाने निकाल लॉफ्टच्या बाजूने दिला. कंपनीचा अधिकारी हा तिचा विश्वस्त असतो. विश्वासाच्या जागेवर बसून त्याने स्वतःचा स्वार्थ साधता कामा नये. कंपनीच्याच धंद्याच्या ओघात आलेली आणि कंपनीच्याच साधनांनी फुलवलेली संधी कंपनीची असते, असे त्या निकालाचे सार आहे. गुथ यांच्याकडील पेप्सीचे शेअर आणि त्यांवरचा लाभ लॉफ्टला द्यावा लागला. ‘गुथ विरुद्ध लॉफ्ट’ हा खटला कंपनी कायद्याच्या अभ्यासात आजही शिकवला जातो. १९४१ मध्ये लॉफ्ट आणि पेप्सी एक झाल्या आणि एकत्रित कंपनीने पेप्सी-कोला हेच नाव घेतले.

वाचकहो, या निकालात न्यायालयाने गुथ यांची हुशारी मोजली नाही. पैसा कोणाचा, पत कोणाची, माणसे कोणाची, एवढेच पाहिले. आपल्या एकत्र कुटुंबांच्या पेढ्यांमध्ये हा प्रश्न पडद्याआड किती वेळा उभा राहतो! धाकटा भाऊ किंवा पुतण्या एखादी नवी एजन्सी घेतो. अनामत रक्कम पेढीतून जाते, माल पेढीच्या नावावर उधार येतो, पेढीचाच दिवाणजी दोन्हीकडचे हिशेब लिहितो. पहिली तीन वर्षे तोटा, तो घरचाच म्हणून कोणी विचारत नाही. चौथ्या वर्षी नफा दिसू लागतो आणि तेव्हा तो ‘माझ्या मेहनतीचा’ ठरतो. मोठा भाऊ म्हणतो, पत पेढीची होती. धाकटा म्हणतो, कष्ट माझे होते. दोघेही खरे बोलत असतात, आणि म्हणूनच भांडण मिटत नाही. काही घरांत ते वाटणीपर्यंत जाते; काही घरांत लग्नकार्याची आमंत्रणेही थांबतात.

याला कोर्ट हा उपाय नव्हे. उपाय जुनाच आहे आणि तो वहीत आहे. नवे काम सुरू करण्याआधी घरातल्या भागीदारांसमोर ते मांडावे. पेढीने ते घ्यायचे की नाही, हे विचारावे. नको म्हटले, तर ते नको दोन ओळींत लिहून ठेवावे. पेढीची रक्कम वापरली तर तिचे खाते निराळे पाडावे, व्याज लावावे आणि पत वापरली तर तिच्याबद्दल हिस्सा ठरवावा. गुथ यांनी १९३१ मध्ये लॉफ्टच्या संचालकांसमोर हे काम उघडपणे मांडून त्यांची मोकळी संमती घेतली असती, तर कदाचित पुढची सगळी गोष्ट निराळी झाली असती. तोट्याच्या दिवसांत लिहिलेला कागद नफ्याच्या दिवसांत नाती वाचवतो.

साठ्याचेही तसेच. येत्या दिवाळीला नव्या वहीची पूजा कराल, तेव्हा जुन्या वहीतील दोन पाने एकदा पुन्हा उलटून पाहावीत. एक, गोदामातील मालाचे: त्यातला किती माल विक्रीसाठी आहे आणि किती भाव वाढण्याच्या आशेवर पडून आहे. दुसरे, घरातील माणसांच्या खात्यांचे: पेढीच्या पैशावर कोणाचे काय चालू आहे आणि ते सर्वांना ठाऊक आहे का. ही दोन पाने स्वच्छ असतील, तर एखादे वाईट वर्षही पेढीला पार करता येते.